पोपट, घोडा आणि शेकरा : मानवेतर नायकाच्या निवेदनाचा एक इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या हयातीत निबंधाच्या किती वह्या तपासल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. खडेबाजारातील या शाळेत मराठी शिकविणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ते काम आले आहे. त्या वह्यांत 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त', 'मी नदी बोलते आहे' असे मथळे वर्षानुवर्षे येत राहतात. या लेखनाकडे आपण परीक्षेतील दहा गुणांचा प्रश्न म्हणून पाहतो आणि पुढे जातो. परंतु जो माणूस नाही त्याने 'मी' म्हणावे आणि माणसाने ते ऐकून घ्यावे, ही कल्पना साधी नाही. ती आपल्याकडे कोठून आली आणि कोणत्या हातांतून गेली, हे आज पाहावयाचे आहे. साहित्यशास्त्रात याला निवेदनदृष्टीचा प्रश्न म्हणतात. कथा कोण सांगतो, कोठे उभा राहून सांगतो, त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक असणे शक्यच नाही, एवढाच या जड शब्दाचा अर्थ.

आरंभ एका शब्दापासून करतो. दीर्घ गद्यकथेला बंगाली व हिंदी भाषकांनी 'उपन्यास' म्हटले, गुजराती भाषकांनी 'नवलकथा' म्हटले. मराठीने मात्र 'कादंबरी' हा शब्द पत्करला आणि आपल्या शेजारच्या कन्नडनेही नेमका हाच शब्द पत्करला. बेळगावच्या बाजारात दोन भाषांची पुस्तके शेजारी शेजारी विकली जातात. त्यांतील कथावाङ्मयाच्या मोठ्या पुस्तकाला दोन्ही भाषांत एकच नाव आहे, याचे आपल्याला सवयीमुळे काहीच वाटत नाही. हे नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचे. कन्नडात त्याचा चंपूरूप अवतार नागवर्म्याने 'कर्णाटक कादंबरी' या नावाने दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास केला. आणि ज्या ग्रंथावरून दोन भाषांनी आपल्या कथाप्रकाराला नाव दिले, त्या ग्रंथाचा निवेदक एक पोपट आहे.

विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजरा घेऊन येते. पिंजऱ्यातला वैशंपायन नावाचा पोपट उजवा पाय उचलून राजाची स्तुती करणारी आर्या म्हणतो. राजा चकित होतो आणि त्याला त्याची जन्मकथा विचारतो. येथून पोपटाचे आत्मवृत्त सुरू होते. विंध्यारण्यात पंपा सरोवराच्या काठी एक प्रचंड सावरीचा वृक्ष आहे. त्याच्या ढोलीत पोपटाचा जन्म होतो, आई लगेच मरते आणि म्हातारा बाप त्याला वाढवितो. एके दिवशी शबरांची शिकारी फौज अरण्यात शिरते.

हा प्रसंग वर्गात शिकविताना मी नेहमी थांबत असे. बाणाची शैली समासबहुल आणि राजदरबारी. तो हत्तींची, घोड्यांची, राजवाड्यांची वर्णने पानेच्या पाने करतो. तरीही शिकारीचा गोंगाट तो प्रथम ढोलीतल्या पिल्लाच्या कानांनी ऐकवितो. काय चालले आहे हे पिल्लाला कळत नाही. ते थरथरत बापाच्या पंखाखाली शिरते आणि मग कुतूहलाने मान बाहेर काढून पाहते. फौज निघून गेल्यावर एक म्हातारा शबर मागे राहतो. तो झाडावर चढतो आणि फळे तोडावीत तशी पिल्ले ढोलीढोलींतून काढून, मारून खाली टाकू लागतो. बाप आपल्या पिल्लाला पंखाखाली झाकून बसतो आणि मारला जातो. पिल्लू त्याच्या अंगाला चिकटून खाली पडते ते वाळलेल्या पानांच्या राशीवर. त्यानंतर पिल्लाला सर्वांत प्रथम जाणवते ती तहान. बाप मेला असताना आपल्याला पाणी हवे आहे, जगावे असे वाटते आहे, याची त्याला लाज वाटते. तरीही ते सरपटत पाण्याच्या दिशेने निघते. पशुपक्ष्यांचे अंतरंग रंगविणाऱ्या कोणत्याही आधुनिक लेखकाने हेवा करावा असे हे निवेदन आहे. जमिनीपासूनचे अंतर, पंखांचे दुबळेपण, पानांचा ढीग, तहान, सारे पक्ष्याच्या मापाचे आहे.

परंतु बाण येथे थांबत नाही. हारीत नावाचा मुनिकुमार पिल्लाला उचलून जाबालि ऋषींच्या आश्रमात नेतो. जाबालि त्याच्याकडे पाहून त्याचा पूर्वजन्म सांगू लागतात. पुढील प्रचंड कथा जाबालींनी सांगितलेली आहे, तीत महाश्वेतेने सांगितलेली कथा आहे, आणि हे सारे पोपटाने ऐकून राजाला सांगितलेले आहे. शेवटी उलगडते ते असे की पोपट हा मूळचा पोपट नव्हेच. शापामुळे पक्षियोनीत आलेला तो मनुष्य आहे, आणि ऐकणारा राजाही आपला पूर्वजन्म विसरलेला नायकच आहे. म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यांनी पाहिलेले ते थोडे क्षण सोडले, तर निवेदन पुन्हा माणसाच्या स्वाधीन होते.

भारतीय परंपरेत मानवेतर नायकाची ही मुख्य रीत आहे असे मला वाटते. प्राण्याच्या आत कोणीतरी असतो. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांत बोधिसत्त्व कधी वानर, कधी हरिण, कधी हत्ती होऊन येतो. कथा तृतीयपुरुषात चालते, आणि शेवटी बुद्ध सांगतात की तो वानरराजा मीच होतो. एका वाक्याने सगळ्या कथेची निवेदनदृष्टी पालटते. जे दुसऱ्याविषयी वाटत होते ते स्वतःविषयीचे ठरते. भारहुतच्या शिल्पांत वानरराजाची कथा कोरलेली आहे. दगडात मात्र हे 'मी' कोरता येत नाही, तेथे केवळ वानर दिसतो. दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातका'च्या रूपाने हा सारा संग्रह मराठीत आणला, हे त्यांचे आपल्यावरील मोठे ऋण आहे.

मराठीच्या अगदी आरंभकाळी महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टान्त येतो. कोणाला पाय लागतो, कोणाला कान, कोणाला शेपूट. येथे प्राणी बोलत नाही; त्याच्याविषयी बोलणाऱ्यांची दृष्टी किती तोकडी असते, एवढे दिसते. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा आपण सर्व जाणतो. ती कथा मी भक्तिभावानेच ऐकत आलो. पण निवेदनाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. तो रेडा वेद म्हणतो, स्वतःचे काही म्हणत नाही. पाठीवर पखाल वाहणाऱ्या त्या जनावराला त्या दिवशी काय सांगावयाचे होते, हे कोणी विचारले नाही.

लोकपरंपरेत याच धर्तीचे दोन नमुने आपल्या रस्त्यांवर हिंडत असत. नंदीबैलवाला ढोलके वाजवून प्रश्न विचारी आणि बैल मान डोलवी. बैलाचे उत्तर 'होय' की 'नाही' हे वाजविणाऱ्याच्या हातात असे. दुसरा पिंगळा. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन तो दारी येई आणि पिंगळा पक्ष्याची भाषा आपल्याला कळते, असे सांगून घरातील भविष्य वर्तवी. पक्षी रात्री बोलला, माणसाने पहाटे त्याचा अर्थ सांगितला. दुभाषी आणि निवेदक यांच्यातील नाते इतके स्वच्छ दाखविणारी दुसरी आकृती मला ठाऊक नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना तर दुभाष्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका दोन्ही परिचयाचे आहेत.

छापखाने आले आणि पशुपक्षी पाठ्यपुस्तकांत शिरले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून वैजनाथ पंडितांचा 'हितोपदेश' १८१५ साली निघाला. मुंबईत १८२२ साली 'पंचोपाख्यान' छापले गेले, आणि सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांची 'इसापनीति' १८२८ साली आली. मराठी मुद्रणाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत कोल्हे, सिंह, कावळे, करकोचे यांची ही गर्दी लक्षणीय आहे. कंपनी सरकारला आणि मिशनऱ्यांना मुलांसाठी सोपे, निरुपद्रवी आणि नीतिपर गद्य हवे होते. ते प्राण्यांनी पुरविले. मात्र या कथांतील कोल्हा कोल्हा नसतो. त्याला भूक लागते ती द्राक्षांची, कारण 'तात्पर्य' गाठावयाचे असते. विष्णुशर्म्याच्या मूळ पंचतंत्रात करटक आणि दमनक हे कोल्हे राजकारणावर जो खल करतात, त्यात निदान दरबाराची धग आहे. शालेय आवृत्त्यांत ती निवाली आणि सुविचार उरला.

दुर्गसिंहाने कन्नडात पंचतंत्र आणले ते १०३१ च्या सुमारास, चालुक्यांच्या दरबारात. म्हणजे छापील मराठी 'पंचोपाख्याना'च्या कितीतरी शतके आधी. आणि आजही आपल्या भागातील मूल कन्नडच्या तासाला पुण्यकोटी गाईची कथा ऐकते. वासराला दूध पाजून परत येते असे वाघाला वचन देणारी आणि ते पाळणारी ही गाय. मराठी पुराणकथांत तिचीच बहीण शोभावी अशी बहुला आहे. अभ्यासक्रमांनी वेगळे केलेले हे दोन कळप एकाच कुरणात चरणारे आहेत.

पुढे १८५७ साली 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते आणि तिचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली आपल्या बेळगावचाच. विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय. तीत माणसे माणसांविषयी बोलतात. नव्या गद्याला समाजसुधारणेचे निकडीचे काम होते, तेथे बोलत्या पोपटाला जागा उरली नाही. वाङ्मयप्रकाराचे नाव पोपटाच्या ग्रंथावरून पडले आणि पोपट मात्र मुलांच्या पुस्तकांत जाऊन बसला.

आता पुन्हा त्या निबंधांच्या वह्यांकडे येतो. पुस्तक, छत्री, किल्ला, वडाचे झाड, सारे बोलतात, परंतु एकाच सुरात बोलतात. पूर्वी माझे वैभव होते, मग माणसाने माझा उपयोग करून घेतला, आता मी अडगळीत पडलो आहे, तरी माझी एक विनंती आहे. हा साचा आला कोठून? याचे उत्तर मला या लेखनप्रकाराच्या एका जुन्या नावात सापडते. 'कैफियत' हा शब्द अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उभा राहिला की पक्षकाराने आपली हकीकत सरकारात लिहून द्यावयाची. आमचे पूर्वज कोण, वतन कसे मिळाले, कोणी बळकावले, आता धन्यांनी न्याय करावा, असा तिचा क्रम असे. करीना, तकरीर, कैफियत यांनी मराठी गद्याचा मोठा भाग व्यापलेला आहे. फाटके पुस्तक नेमक्या याच क्रमाने बोलते. त्याच्यापुढे न्यायाधीश म्हणून परीक्षक बसलेला असतो. आपल्या सीमाभागाच्या हाडीमाशी हा प्रकार मुरलेला आहे. १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६६ साली नेमलेला महाजन आयोग यांच्या काळात येथे घराघरांत निवेदने लिहिली गेली. तक्रार मांडण्याच्या भाषेत आपण वाकबगार आहोत, तेव्हा आपली मुले छत्रीलाही तक्रार करावयास लावतात यात नवल नाही.

कैफियत म्हणजे हलके वाङ्मय, असे मात्र मला मुळीच म्हणावयाचे नाही. इंग्लंडमध्ये १८७७ साली ॲना सीवेल या अपंग स्त्रीने 'ब्लॅक ब्यूटी' लिहिली. ती एका घोड्याची प्रथमपुरुषी कहाणी आहे आणि मूळ अश्वभाषेतून भाषांतरित असे तिच्या शीर्षकपृष्ठावर म्हटलेले होते. घोड्याची मान दिमाखदार दिसावी म्हणून ती वर ताणून धरणारा लगाम त्या काळी गाडीच्या घोड्यांना लावीत. तो किती दुखतो हे या पुस्तकाने घोड्याच्या तोंडून सांगितले आणि त्या रूढीविरुद्ध लोकमत तयार होण्यास मोठे बळ दिले. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच लेखिका वारली. तिचे हे एकच पुस्तक. बेळगाव कॅम्पातील टांग्यांचे घोडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या पुस्तकाची ओळख करून द्यावयास नको. तथापि सीवेलबाईंचा घोडा माणसाच्या जगाला जाब विचारतो तो माणसाच्याच शब्दांत. मालक, नोकरी, चांगली वागणूक हे शब्द त्याला पटलेले आहेत.

टॉलस्टॉयने १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'खोल्स्तोमेर' या कथेत येथून पुढचे पाऊल टाकले. त्याचा म्हातारा, ठिपक्याठिपक्यांचा, खच्ची केलेला घोडा रात्रीच्या वेळी कळपातल्या इतर घोड्यांना आपली हकीकत सांगतो. त्याला एक शब्द कळत नाही: 'माझा'. माणसे 'माझी जमीन' म्हणतात पण तिच्यावर कधी पाऊल टाकीत नाहीत, 'माझा घोडा' म्हणतात पण त्याला चारा दुसरेच घालतात, हे काय गौडबंगाल आहे, असा त्याला प्रश्न पडतो. रशियन समीक्षक श्क्लोव्हस्की याने १९१७ साली आपला अपरिचितीकरणाचा सिद्धान्त मांडताना याच कथेचा आधार घेतला. ओळखीची वस्तू अनोळखी करून दाखविणे हे कलेचे काम, असे त्याचे म्हणणे. येथे मानवेतर निवेदकाचा खरा उपयोग प्रथमच सूत्ररूपाने सांगितला गेला. घोडा काय जाणतो यापेक्षा तो काय जाणत नाही, ते महत्त्वाचे ठरते. टॉलस्टॉयपुढे एक तांत्रिक अडचणही होती. घोडा मरावयाचा होता आणि मेलेला घोडा आपले मरण सांगणार कसा? म्हणून शेवटी कथा तृतीयपुरुषात जाते. घोड्याचे कातडे, मांस, हाडे कोणाकोणाच्या उपयोगी पडली आणि त्याच्या एकेकाळच्या धन्याचा देह कोणाच्याच उपयोगी पडला नाही, हे लेखक कोरडेपणाने नोंदवितो. जपानी कादंबरीकार सोसेकी याचे १९०५-०६ मधील मांजर मात्र एका शाळामास्तराच्या घरी राहून त्याची यथेच्छ टिंगल करते आणि शेवटी पाण्याच्या पिंपात बुडतानाही स्वतःच बोलत राहते. मास्तरमंडळींनी ते पुस्तक जरूर वाचावे.

निर्जीव वस्तूला निवेदक करण्याची युक्ती रवींद्रनाथांनी तरुणपणीच हाताळली होती. 'घाटेर कथा' या १८८४ मधील कथेत नदीकाठचा दगडी घाट बोलतो. घाटाला कोठे जाता येत नाही. पायरीवर जेवढे येते तेवढेच त्याला दिसते, आणि कथा तेवढ्याच चौकटीत बसविलेली आहे. मराठीत वि. स. खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत शिक्षकी करीत असताना आणि पुढे कोल्हापुरास रूपककथेचा प्रकार रुजविला. त्यांची फुले, दिवे, नद्या बोलतात. खांडेकरांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांची फुले फार लवकर तत्त्वचिंतक होतात, हे म्हटलेच पाहिजे. फूल बोलू लागताच त्याचा वास नाहीसा होतो. शालेय आत्मवृत्ताच्या निबंधावर कैफियतीच्या खालोखाल छाप आहे ती या रूपककथेची.

आपल्या परिसरात या प्रश्नाला निराळे वळण मिळाले. जी. ए. कुलकर्णी मूळचे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे. शिक्षण बेळगावास झाले आणि अध्यापन धारवाडास. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नावच 'पिंगळावेळ' आहे. मुलांसाठी लिहिलेल्या 'बखर बिम्मची'मध्ये बिम्म नावाचा लहानगा पशुपक्ष्यांशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. येथेही नाव जुन्या दफ्तरातले, पण कोणी कोणापुढे दाद मागत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन प्राणी नव्हे, मुलगा आहे. बेळगावच्या बाजूच्या कानडी वळणाच्या मराठीत तो आपले जग सांगतो. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण एवढेच, की मोठ्यांच्या व्यवहारातले न कळणारे ते न कळलेलेच ठेवून सांगण्याची जी हातोटी टॉलस्टॉयच्या घोड्यात आहे, ती मराठीत लंपनइतकी निर्मळ क्वचितच सापडते.

आणि व्यंकटेश माडगूळकर. त्यांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी १९८२ ची. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. वानरांच्या टोळीवरील सत्ता एका नराकडून दुसऱ्याकडे कशी जाते, एवढाच तिचा विषय. माडगूळकर वानरांच्या तोंडी संवाद घालीत नाहीत. ते पाहतात आणि लिहितात. खाणाखुणांवरून वानरांना नावे ठेवतात, जशी गावाकडे माणसे एकमेकांना ठेवतात. निवेदक झाडाखाली उभा आहे, वानराच्या डोक्यात शिरलेला नाही. तरीही वाचकाला टोळीतल्या मादीचा धसका कळतो, कारण तिने पिल्लाला कसे धरले आहे ते लेखकाने टिपलेले आहे. ग्रंथाच्या नावात मात्र त्यांनी माणसाचा शब्द ठेवला. १९७७ आणि १९८० ही दोन सत्तांतरे नुकतीच अनुभवलेल्या वाचकाला तो शब्द टोचल्यावाचून राहिला नसेल.

या कथेचा एक धागा आपल्या अगदी जवळ, धारवाडास, पोचतो. १९६०च्या दशकाच्या आरंभी युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या आसपासच्या जंगलांत वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करीत होते. बाहेरच्या नरांनी टोळीवर चाल करून जुन्या प्रमुखास हुसकून लावले आणि नव्या प्रमुखाने टोळीतली लहान पिल्ले मारली, हे त्यांनी पाहिले आणि नोंदविले. त्यांचा निबंध १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि प्राणिवर्तनशास्त्रात त्यावरून दीर्घ वाद झाला. नवा नर पिल्ले का मारतो, ही विकृती की वंशवृद्धीची रीत, हा वादाचा मुद्दा. आपण हनुमंताचा अवतार म्हणून ज्याला नारळ देतो, त्या वानराची ही हकीकत ऐकून अनेकांना अवघडल्यासारखे होते. मला वाटते, ते अवघडलेपण मोलाचे आहे. प्राणी आपल्या नीतिकथेत मावत नाही, हे त्या क्षणी कळते.

रणजित देसाई आपल्यापासून दूर नाहीत. बेळगावच्या पश्चिमेस, चंदगड तालुक्यात ताम्रपर्णीच्या काठी कोवाड, ते त्यांचे गाव. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' यांच्यामुळे त्यांचे नाव घराघरांत पोचले. माधवराव आणि शिवछत्रपती यांच्या अंतरंगात शिरून लिहिणाऱ्या या लेखकाने 'शेकरा' ही एका झाडावरच्या प्राण्याची लहानशी कादंबरीही लिहिली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शेकरा म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. महाराष्ट्राने तिला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. खानापूर-चंदगडच्या दाट रानांत ती आढळते. शेकरा सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडांच्या शेंड्यांतून उड्या मारीत तो फिरतो आणि उंच फांद्यांवर एकाहून अधिक घरटी बांधतो. असा प्राणी नायक म्हणून निवडला की निवेदनदृष्टी निम्मी ठरून जाते. जंगलातले जगणे-मरणे खाली चालते आणि पाहणारा वर असतो. तो वाघही नव्हे आणि हरिणही नव्हे. शिकारीत त्याची बाजू नाही, मात्र झाड तोडले तर त्याचे सर्वस्व जाते. देसायांची भाषा येथेही कोमल आणि थोडी अलंकृतच आहे. माडगूळकरांचा कोरडेपणा तिच्यात नाही आणि मानवी भावना ते प्राण्याला सढळ हाताने देतात. निवड करावयाची तर मी 'सत्तांतरा'च्या बाजूला उभा राहीन. परंतु ऐतिहासिक कादंबरीकाराने आयुष्यभर गादीवर बसलेल्या पुरुषांच्या दृष्टीने पाहिल्यानंतर एका फांदीवरून पाहावे, ही घटना मला त्यांच्या चरित्रात महत्त्वाची वाटते.

वर्गात या साऱ्याचा उपयोग काय, असे शिक्षकमित्र विचारतील. मी काही वर्षे एक प्रयोग करून पाहिला. आत्मवृत्ताचा निबंध देताना एक अट घालीत असे: बोलणाऱ्याला जे ठाऊक असणे शक्य नाही, ते त्याने सांगावयाचे नाही, आणि त्याने कोणाकडे काही मागावयाचे नाही. प्रथम मुले गोंधळत. मागणी काढून घेतली की निबंध चार ओळींतच संपे. मग हळूहळू लिहू लागत. एकदा विषय होता खडेबाजारात हिंडणारी गाय. बहुतेकांनी सवयीप्रमाणे गोमातेचे महत्त्व लिहिले. एका मुलीने मात्र सगळा बाजार वासांवरून लिहिला: ओल्या नारळाच्या शेंड्या, भिजलेले पोते, फुलांच्या गाड्याखालचे कुजलेले देठ, रॉकेल, पावसात तापलेल्या डांबराची वाफ. कोणता हात काठी उगारतो आणि कोणता हात भाकरीचा तुकडा पुढे करतो, यावरून तिने दुकाने ओळखविली. आपल्या बाजारातल्या पाट्यांवरून, त्यांवरील अक्षरांवरून केवढी वादळे झाली आहेत हे आपण सर्व जाणतो. म्हणून मी तिला विचारले की एकाही पाटीचा उल्लेख कसा नाही. ती म्हणाली, "सर, गाईला वाचता येत नाही ना."

त्या निबंधाला मी दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनात गेला, आणि तो देण्याचा अधिकार मला नव्हता. पुढच्या वर्षापासून शाळेच्या ग्रंथालयात 'सत्तांतर' आणि 'शेकरा' यांच्या प्रती आठवीच्या कपाटात ठेवाव्यात, असे मी सुचविले होते. त्यांच्या शेजारी बाणभट्टाच्या 'कादंबरी'चा मराठी अनुवादही असावा, अशी विनंती आज चालकांना करतो. मुलांनी निदान ढोलीतल्या पिल्लाची ती पाने वाचावीत. पुढचा भाग त्यांना आवडला नाही तरी चालेल.